भागवत एकादशीचं सेटिंग

निशाने आजवर दोन मोठे निर्णय शुक्रवारी संध्याकाळी घाईत घेतले. एक रविराजशी लग्न करण्याचा आणि दुसरा वाचकांची सेटिंग्ज ब्राउझरच्या स्टोरेजमध्ये ठेवण्याचा. पहिला अजून बरा चाललाय. दुसऱ्यामुळे धायरीतल्या एका अख्ख्या भजनी मंडळाने ऐन एकादशीला पुरणपोळ्या हाणल्या.

निशा मूळची यवतमाळची. शिकायला पुण्यात आली, नोकरीला लागली आणि धायरीच्या जुन्या शेतकरी घराण्यातल्या रविराजला पसंत करून इथलीच झाली. नारायण पेठेत एका अरुंद जिन्याच्या वरच्या टोकाला तिची कंपनी होती. कंपनी म्हणायचं आपलं. ती, सुदर्शन नावाचा कायम जांभया देणारा सहकारी आणि महिन्यातून एकदा तोंड दाखवणारे मालक, एवढाच पसारा. तिथे एक दिवस कसब्यातले दत्तप्रसाद आपल्या पंचांगाची वेबसाइट करून घ्यायला आले. पंचांग छापण्याचा धंदा त्यांच्या आजोबांपासूनचा. तिरकं बोलणंही आजोबांपासूनचंच असावं, कारण इतकी तयारी एका जन्मात होत नाही.

वेबसाइट साधी होती. उघडली की आजची तिथी, सण, उपास दिसायचे. लॉगिन वगैरे भानगड नाही. "तिथी बघायला पासवर्ड? उद्या सूर्य बघायला ओटीपी मागाल," असं म्हणून दत्तप्रसादांनी तो विषय पहिल्याच दिवशी निकालात काढला होता. वाचकाने दोनच गोष्टी निवडायच्या. अक्षर केवढं हवं, आणि एकादशी कोणती पाळता, स्मार्त की भागवत.

हे स्मार्त-भागवत प्रकरण निशाला वेबसाइट करायला घेईपर्यंत ठाऊकच नव्हतं. तिच्या लेखी एकादशी म्हणजे ऑफिसखालच्या हॉटेलात साबुदाणावडा मिळतो तो दिवस. पण बहुतेक वेळा एकाच दिवशी येणाऱ्या या दोन एकादश्या अधूनमधून फारकत घेतात. स्मार्त आज, भागवत उद्या. गळ्यात तुळशीची माळ असलेल्यांनी भागवत धरायची, बाकीच्यांनी स्मार्त. दत्तप्रसादांनी हे तिला असं समजावलं होतं की जणू यवतमाळला चंद्र उगवतच नाही.

तर प्रश्न असा होता, की वाचकाने एकदा निवड केली की ती लक्षात ठेवायची कुठे?

"कुकी ठेव, सर्व्हरकडून," सुदर्शन जांभई आवरत म्हणाला. "सर्व्हर ब्राउझरला एक चिठ्ठी देतो. पुढच्या वेळी ब्राउझर ती चिठ्ठी हातात घेऊनच दारात येतो. माणूस भागवतवाला आहे की स्मार्तवाला, ते आपल्याला आधीच कळतं."

"आणि स्टोरेजमध्ये ठेवलं तर?"

"तो त्याच्या फोनातलाच कप्पा. आपलं पान तिथे ठेवतं, आपलं पान तिथून काढतं, सर्व्हरला काही पत्ता नाही. सोपं आहे. पण कप्पा फोनचा आहे. त्याच्या मनात आलं तर झाडून टाकेल."

निशाने घड्याळाकडे पाहिलं. सिंहगड रस्त्यावर आत्ता गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असणार. "कुकी म्हटलं की पानाखाली ती पट्टी लावावी लागेल," ती म्हणाली. "आम्ही कुकीज वापरतो, आपल्याला मान्य आहे का, वगैरे. परदेशातले मराठी लोकपण बघणार ना साइट, तिकडे तसा कायदा आहे."

समोरच्या खुर्चीत बसलेले दत्तप्रसाद ताठ झाले. "अहो मॅडम, आपण काय बोलताय? आमच्या पंचांगाला तीन पिढ्या झाल्या. वाचकाची परवानगी काढून आम्ही कधी तिथी सांगितलेली नाही."

"त्या हिशोबाने पट्टी स्टोरेजलाही लागतेच," सुदर्शन पुटपुटला. पण त्याचं पुटपुटणं आणि त्याची जांभई यांत फरक करणं कठीण असे, आणि निशाला त्या घडीला तो करायचाही नव्हता.

"मग स्टोरेजमध्येच ठेवते," ती म्हणाली आणि चार ओळींत काम उरकलं. तपासलंही. ऑफिसातल्या फोनवर भागवत निवडलं, अक्षर मोठं केलं, पान बंद केलं, उघडलं. आहे. फोन बंद केला, चालू केला. आहे. दुसऱ्या दिवशी उघडलं, तिसऱ्या दिवशी उघडलं, सगळं जागच्या जागी. आपल्या हुशारीवर खूश होऊन तिने साइट चालू करून टाकली.

वेबसाइटचं पहिलं गिऱ्हाईक घरातच होतं. बायडाबाई, रविराजची आई. निशा तिला आत्या म्हणे, धायरीत सासूला तसंच म्हणतात. बायडाबाईच्या गळ्यात लग्नापासूनची माळ होती आणि एकादशी तिने बाळंतपणातसुद्धा मोडली नव्हती. बाकी बाबतीत बाई भलती रोखठोक. जमिनी विकून बंगला बांधला तेव्हा बिल्डरच्या माणसाला तिने "तुझ्या नकाशात चूल कुठं हाय?" असं विचारून दुसरा नकाशा काढायला लावला होता. सुनेच्या हातचं वरण तिला पातळ वाटे, सुनेच्या धुतलेल्या कपड्यांना वास येई आणि सुनेचं काम म्हणजे दिवसभर बसणं. निशा लग्न होऊन आली त्याला बराच काळ लोटला होता, पण या घरात तिचा शब्द प्रमाण मानला गेलाय असं एकदाही घडलं नव्हतं.

रविराजने नवा महागडा फोन घेतला तेव्हा जुना महागडा आईला दिला. निशाने त्यावर पंचांग उघडून दिलं. अक्षर चांगलं हरभऱ्याएवढं केलं. एकादशीपुढे भागवत निवडलं. "आत्या, हे एकदाच करायचं. आता कायम असंच राहणार. तुम्ही फक्त उघडायचं आणि वाचायचं."

"कायम म्हंजे कायम?"

"कायम."

बायडाबाईने फोन कपाळाला लावला आणि ठेवून दिला. पण दर पंधरवड्याला ती तो काढू लागली. एकादशीच्या आदल्या संध्याकाळी उघडायची, बघायची आणि आपल्या भजनी मंडळातल्या बायांना कळवून टाकायची. आधी हे काम मंडळातल्याच हिराबाईकडे होतं. हिराच्या स्वयंपाकघरात दर वर्षी नवं कॅलेंडर लागे आणि त्याच्या जोरावर ती सगळ्यांना दिवस सांगत असे, तेही उपकार केल्यासारखे. आता बाया हिराचं दार ओलांडून बायडाबाईकडे येऊ लागल्या. "माझ्या सुनंनंच केल्यालं हाय ते," बायडाबाई म्हणायची. "मशीन हाय, चुकत न्हाई." निशाने हे एकदा जिन्यावरून ऐकलं आणि वर जाऊन दार लावून ती एकटीच हसत बसली. तिला फार बरं वाटलं होतं. पगारवाढीनेसुद्धा तितकं वाटलं नव्हतं.

असे काही महिने सुरळीत गेले. बायडाबाईने तेवढ्यात शिवण बंद केलं, टीव्हीही लवकर बंद करू लागली. पण वय झालेल्या माणसाकडे कोण इतकं निरखून बघतं?

मग ती एकादशी आली.

आदल्या संध्याकाळी बायडाबाईने फोन बघितला आणि सांगितलं, उद्या एकादशी. सगळ्यांनी उपास केला. दुसऱ्या दिवशी बारस सोडायला तिने मंडळाला आपल्याच घरी जेवायला बोलावलं होतं. निशाने सुट्टी काढली, मंडईतून गूळ आणि जायफळ आणलं, सकाळपासून पुरण वाटलं. ओसरीवर पंगत बसली. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, कुरडया. बाया पोटभर जेवल्या. कुसुम नावाच्या टाळकरीण बाईने तर पोळ्या मोजायचं सोडून दिलं. फक्त हिरा जेवली नाही. "पित्त झालंय," म्हणून ती वाढायला उभी राहिली आणि तुपाची वाटी घेऊन सगळ्यांना आग्रह करत फिरली. एवढी गोड हिरा याआधी कोणी पाहिली नव्हती. निशाला वाटलं, चला, वैर संपलं.

संध्याकाळी देवळाचा कर्णा वाजला. गुरवाचा मुलगा माइकवर फुंकर मारून म्हणाला, "आज भागवत एकादशीनिमित्त रात्री आठ वाजता कीर्तन. सर्व भाविकांनी उपस्थित राहावे."

बायडाबाई अंगणात तुळशीपुढे उभी होती. ती तशीच खाली बसली. निशा धावली, पाणी आणलं. बायडाबाईने पाणी घेतलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती गळ्यातली माळ चाचपत होती.

मग म्हणाली, "देव माफ करंल. त्याला ठावं हाय मी कोन हाय ते. हिरा न्हाई माफ करायची."

निशाने फोन उघडून पाहिला. एकादशीपुढे स्मार्त होतं. तिने स्वतःच्या हाताने निवडलेलं भागवत गायब होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने पिशवी टेबलावर आपटली आणि सुदर्शनला सगळं सांगितलं. सुदर्शनने पहिल्यांदाच जांभई न देता ऐकलं. फोन कुठला म्हणून विचारलं आणि डोक्याला हात लावला.

"अगं, त्या फोनचा ब्राउझर फार टापटिपीचा. एखाद्या साइटवर तू आठवडाभर फिरकली नाहीस तर तिने कप्प्यात ठेवलेलं सगळं तो फेकून देतो. लोकांच्या मागावर राहणाऱ्या साइट्सना आळा बसावा म्हणून केलंय. आपण रोज तपासत होतो, म्हणून कप्पा शाबूत. आणि आपले फोनही साधे."

"आणि आत्या पंधरा दिवसांनी उघडतात."

"एकादशी पंधरा दिवसांनीच येते, निशा."

ज्या पानावर एकादशी बघायला लोक येणार, ते पंधरा दिवसांनीच येणार, हे पहिलीतल्या पोरालाही सांगता आलं असतं. निशा मात्र दर पाच मिनिटांनी पान उघडून बघत होती आणि खूश होत होती. पहिल्याच पंधरवड्यात सासूचं भागवत पुसलं गेलं होतं आणि जागी मूळचं स्मार्त येऊन बसलं होतं. दोन्ही एकादश्या एका दिवशी येत होत्या तोवर कुणाला पत्ता लागला नाही, एवढंच.

"कुकी ठेवली असती तर?"

"सर्व्हरने दिलेली चिठ्ठी तो इतक्यात फेकत नाही," सुदर्शन म्हणाला. मी सांगितलं होतं, हे तो म्हणाला नाही. त्याचे तिने मनातल्या मनात आभार मानले.

तेवढ्यात दत्तप्रसादांचा फोन आला. "मॅडम, अभिनंदन. आजोबांपासून आमची एक तिथी चुकली नव्हती. ती उणीव आपण भरून काढलीत. सकाळपासून लोक फोन करून मला माझी एकादशी विचारतायत."

"सर, तिथी बरोबर होती. लोकांची निवड पुसली गेली."

"हे मी त्यांना सांगू? तिथी बरोबर होती, आपणच चुकीचे होतात?"

निशाने जे होतं ते सांगितलं. चूक तिची होती, आता कुकी लावावी लागेल, आणि खाली पट्टीही.

"लावा. एक काय, दोन लावा. आणि ज्यांचं पुसलं गेलं त्यांचं परत भागवत करून टाका."

"ते नाही करता येणार, सर. कोणी काय निवडलं होतं ते आपल्याला कधी कळलंच नव्हतं. ते ज्याच्या त्याच्या फोनातच होतं. सगळ्यांना पुन्हा विचारावं लागेल. मी तशी सूचना लिहिते, क्षमस्व म्हणून."

"क्षमस्व काढा. पुण्यात हा शब्द फक्त दुकान बंद असल्यावर लिहितात. असं लिहा: आपली एकादशी कोणती ते पुन्हा निवडावे. निवडल्याचे फोन करून कळवू नये."

निशाने तेच लिहिलं. दिवसभर बसून सगळं कुकीवर आणलं. मग तिने साध्या फोनांबरोबर रविराजच्या नव्या फोनवरही तपासणी लावली आणि त्याला ताकीद दिली की पुढचे पंधरा दिवस हे पान उघडायचं नाही. रविराज म्हणाला, "मी आयुष्यात कधी उघडलं नाही. मला सांगतेस होय!"

खरा पेच घरी होता. रविवारी देवळात मंडळ जमणार होतं आणि विषय एकच असणार होता. शनिवारी रात्री बायडाबाईने निशाला स्वयंपाकघरात बसवलं.

"उद्या तू गप ऱ्हायचं. मी सांगनार, माझं डोळं गेल्यात, वाचताना चुकलं."

"पण आत्या, चूक माझी आहे. तुम्ही बरोबरच वाचलं होतं. तिथे लिहिलेलंच चुकीचं होतं."

"आसू दे. सून चुकली म्हनलं की हिरा गावभर करंल. शिकल्याली सून आनली आन् म्हातारीला एकादशीला जेवू घातलं म्हनंल. त्यापेक्षा म्हातारीला दिसत न्हाई म्हनल्यालं काय वाईट? म्हाताऱ्या मानसाला न्हाईच दिसत."

उद्या सासूने हे सांगितलं की दिवस सांगायचं काम परत हिराकडे जाणार, हे दोघींना कळत होतं. त्या कामाने बायडाबाईला किती रुबाब आला होता ते निशाने रोज पाहिलं होतं. आणि तो रुबाब जाणार होता निशाच्या चार ओळींपायी.

रविवारी देवळाच्या सभामंडपात बाया जमल्या. टाळ तसेच पिशवीत राहिले. हिरा खांबाला टेकून बसली होती, चेहऱ्यावर चिंता आणि आवाजात साखर. "आता काय करायचं गं बायडाबाई? म्या म्हनते, चूक तर कुनाची बी व्हती. पर एवढ्या बायकांचा उपास..."

बायडाबाईने पदर सावरला. "माझं डोळं..."

"आत्या, थांबा," निशा म्हणाली. सगळ्या वळून बघू लागल्या. ऑफिसात दत्तप्रसादांपुढेही तिला इतकी भीती वाटली नव्हती. "आत्यांचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे. त्यांनी भागवत निवडलं होतं. ते कुठे ठेवायचं ते मी ठरवलं, आणि मी चुकीच्या जागी ठेवलं. फोनने ते पुसून टाकलं. आत्यांनी पानावर होतं तेच वाचलं. ज्यांचा उपास मोडला त्यांनी मला बोला."

बायडाबाईने सुनेकडे असं बघितलं की निशाची नजर आपोआप खाली गेली.

हिराला मात्र राहवलं नाही. जिंकायला आलेल्या माणसाने थोडा वेळ तरी गप्प बसावं, पण ते तिच्या स्वभावात नव्हतं. "म्हनून मी म्हनते, मशीनच्या नादी लागू नगा. माझ्या भिंतीवर छापील लिव्हल्यालं हाय, आज स्मार्त, उद्या भागवत. मला सगळं ठावं व्हतं. म्हनून तर मी त्या दिशी घास घेतला न्हाई!"

कुसुम टाळकरीण जागची हलली. अंगाने भारी बाई, हलायला तिला वेळ लागतो. "काय म्हनलीस? तुला ठावं व्हतं?"

"ठावं व्हतंच की. माझं कॅलेंडर..."

"ठावं व्हतं आन् तू आमाला जेवू दिलंस?"

"मला कुनी इचारलं का? सगळ्या मोबाइलवालीकडं..."

"आगं भवाने, तू माझ्या पोळीवर तूप वाढलंस!" कुसुमचा आवाज गाभाऱ्यापर्यंत गेला. "नगं नगं म्हनत व्हते मी. आनखी एक घे म्हनलीस! आन् मला म्हनलीस पित्त झालंय!"

मग जे झालं त्याला चर्चा म्हणता येणार नाही. एकीला तिने दोनदा भात वाढल्याचं आठवलं, दुसरीला कुरडई. एकीने थेट विचारलं, की पाप खाणाऱ्याला लागतं का वाढणाऱ्याला. गुरव बाहेर येऊन बघून गेला आणि शहाणपणाने परत आत गेला. हिरा पिशवी उचलून "माझं खरंच पित्त हाय" म्हणत निघून गेली. शेवटी कुसुमने निकाल दिला. पुढल्या वेळेपासून फोन बघायचा, कॅलेंडरही बघायचं आणि हिराच्या ताटात काय आहे तेही बघायचं. दिवस बायडाबाईच सांगणार. निशाला कोणी फार बोललं नाही. एकीने नुसतं विचारलं, "पुरन तूच वाटलं व्हतंस का गं? चांगलं झालं व्हतं," आणि लगेच जीभ चावली.

घरी परतताना दोघी गावठाणाच्या गल्लीतून चालत होत्या. बायडाबाई पुढे, निशा मागे. आता बोलणी बसणार, याची निशाने तयारी ठेवली होती.

"तुला गप बस म्हनलं व्हतं," बायडाबाई म्हणाली.

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलणार होतात. मला ते सहन झालं नाही."

बायडाबाई थांबली. "खोटं कुठलं?"

"डोळ्यांचं."

"ते खोटं न्हाई. डोळं खरंच गेल्यात माझं."

निशाने तिच्या डोळ्यांकडे निरखून बघितलं. "कधीपासून? म्हणजे काय होतं?"

"झालं की आता लय दिस. इतर वेळी काय बी हुत न्हाई. पर एकादशी आली की बारीक दिसतंय. त्या फोनातलं आक्षार हातभर लांब धरलं तरी लागत न्हाई, कसंबसं वाचते. मला वाटलं, उपासानं आंधारी येत आसंल. पर उपासाच्या आदल्या रातीलाच दिसंना, म्हंजे उपासाचं न्हाई. सुई तर वविता येतीया. तरी म्हनलं डोळ्याला तान नगं, म्हनून शिवन बंद केलं. मेडिकलवाल्याकडनं थेंब आनल्यात. रोज घालते. काय फरक न्हाई."

निशा गल्लीच्या मधोमध उभी राहिली. अक्षराचा आकार. तोही त्याच कप्प्यात होता. पहिल्याच पंधरवड्यात भागवत पुसलं गेलं, तसं हरभऱ्याएवढं अक्षरही पुसलं जाऊन मोहरीएवढं झालं होतं. आणि ही बाई, बिल्डरचा नकाशा बदलायला लावणारी, सुनेच्या वरणाला रोज नाव ठेवणारी, फोन हातभर लांब धरून वाचत होती आणि कोणाला न सांगता डोळ्यांत थेंब घालत होती.

"आत्या, मला का नाही सांगितलंत? एकदा तरी म्हणायचं ना, अक्षर बारीक झालंय म्हणून."

बायडाबाईला प्रश्न समजलाच नाही असं वाटलं. "आगं, तूच म्हनली व्हतीस की. एकदा मोठं केलं की कायम मोठं. मग ते मोठंच आसनार. मला बारीक दिसतंय म्हंजे माझंच डोळं गेलं आसनार ना?"

निशा तिथेच, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. बायडाबाई क्षणभर गोंधळली. मग तिने कमरेची पिशवी उघडली, बाटली काढली आणि उजेडाकडे धरून बघितली.

"आता तुला काय झालं? डोळं दुखत्यात का? हे घाल. आर्धी बाटली शिल्लक हाय."